मरीन टँकमध्ये किडे दिसले तर: आधी टॉर्च, मग सापळा, औषध सगळ्यात शेवटी

माझ्या ओळखीत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारी सहा घरं आहेत. या सहाही घरांतून मला कधी ना कधी रात्री उशिरा फोन आलेला आहे आणि प्रश्न एकच: "खडकातून गोमेसारखं काहीतरी बाहेर आलंय, काय करू?" गप्पी-गोल्डफिश ठेवणाऱ्या मित्रांना याचं उत्तर माहीत नसतं. समुद्र आपल्यापासून घाट उतरून पलीकडे, त्यामुळे विचारायला जवळ माणूस नाही. दुकानात गेलं की एक बाटली हातात पडते. पहिल्या वर्षी मीही तशीच एक बाटली आणून ओतली आणि दोन क्लाउनफिश गमावले. ते कसं झालं हे पुढे सविस्तर सांगतो, कारण तीच चूक बहुतेक जण करतात.

माझा टँक विश्रामबागेतल्या घरी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक, वाळू, दोन क्लाउनफिश, एक रॅस (लहान, चपळ मासा), थोडे झोअँथिड (खडकाला चिकटून वाढणारे, प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव), काही शंख. एवढ्या टँकमध्ये पाच वर्षांत मी जवळपास सगळ्या जातींचे किडे बघितले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: यातले बहुतेक किडे हा रोग नसून सफाई कामगार आहेत. माशांनी टाकलेलं, खडकाखाली सडणारं ते खातात. त्यांची संख्या वाढली तर टँकमध्ये अन्न वाया जातंय एवढाच त्याचा अर्थ. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

घरच्यांची पहिली भीती असते ती "हे जंत आपल्या पोरांना लागतील का?" ही. नाही लागणार. हे समुद्रात मोकळे राहणारे प्राणी आहेत, माणसाच्या पोटात जगणारे जंत वेगळे. मात्र हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका. माशांच्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून त्वचेला चिवट, लवकर बरा न होणारा संसर्ग देतात. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

जवळ काय काय हवं

- टॉर्च आणि त्यावर लावायला लाल जिलेटिन कागद
- लांब प्लास्टिकचा चिमटा, रबरी हातमोजे
- पाच-सहा मिलिमीटर जाडीची एअरलाइन नळी, दोन मीटर
- अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या, किंवा जुने नायलॉनचे स्टॉकिंग
- अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या टेस्ट किट, सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, बघायला रिफ्रॅक्टोमीटर
- दोन मोठ्या बादल्या, ज्यांना साबण कधीच लागलेला नाही
- मरीन सॉल्ट, आरओचं पाणी, नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन
- बॅटरीवर चालणारा एअर पंप
- एक वही

वही शेवटी लिहिली असली तरी माझ्या लेखी ती सगळ्यात महत्त्वाची. काय, कधी, किती दिसलं हे लिहिलं नाही तर आठवड्यानंतर किडे वाढले की घटले हे कुणालाही सांगता येत नाही. नुसत्या नजरेला ते कायम वाढलेलेच वाटतात.

१. रात्री बघा, फोटो काढा

दिवे बंद झाल्यावर दोन तास थांबा. मग लाल कागद लावलेला टॉर्च हळूच खडकावर धरा. बऱ्याच किड्यांना लाल उजेड जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पांढरा झोत मारलात की एका क्षणात सगळे फटीत. जिथे दिसेल तिथला फोटो काढा: डोक्याकडचा, अंगाच्या कडेचा आणि शक्य असेल तर पूर्ण लांबीचा. फोनवर मला कुणी "तांबडा होता, लांब होता" एवढंच सांगितलं तर मी काहीच सांगू शकत नाही.

त्याच वेळी पाण्याचं माप घ्या. अमोनिया शून्य हवा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारेपणाचा आकडा) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश. किडे भर दिवसा, मोठ्या संख्येने, काचेवर चढून बसलेले दिसले तर किड्यांची चिंता बाजूला ठेवा. पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय किंवा काहीतरी मेलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. पारा चाळिशीला जातो, टँक तापतो, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाण्यावर टेबलफॅन लावला तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. फॅनमुळे पाणी उडतं, ते भरून काढताना साधं आरओचंच पाणी घाला. मीठ उडत नाही, मागे राहतं. खारं पाणी घालत राहिलात तर सॅलिनिटी चढत जाईल.

२. ओळख पटवा

एका संध्याकाळी निवांत बसून करायचं हे काम आहे.

*गोमेसारखा, गुलाबी-करडा, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके.* हा ब्रिसल वर्म. फोन करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे हाच निघतो. लांबी दोन-तीन इंच, कधी सहा इंचही. दिवसा खडकाखाली, रात्री बाहेर. हा सफाई कामगार. मेलेल्या माशावर तुटून पडतो, म्हणून सकाळी मासा अर्धा खाल्लेला दिसला की सगळा आळ यावर येतो. मासा आधी मेलेला असतो. त्याचे ते पांढरे केस मात्र बोटात घुसून मोडतात आणि फार आग होते.

*तसाच, पण जाडजूड, लाल-नारिंगी, केसांचे गच्च पांढरे झुबके, डोक्यावर मांसल तुरा.* हा दाढीवाला फायरवर्म, शास्त्रीय नाव हर्मोडिस कॅरनक्युलाटा. हा प्रवाळ आणि ॲनिमोनी खातो, त्यामुळे दिसला तर काढायचाच. पण तो मुळात अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडचा. आपल्याकडे येणारा बराचसा माल इंडोनेशियाच्या बाजूचा असतो, त्यामुळे तो तुमच्या टँकमध्ये असण्याची शक्यता कमी आहे. फोटो बघून घाबरू नका, डोक्यावरचा तुरा शोधा.

*चकचकीत, इंद्रधनुषी झाक असलेला, डोक्यावर पाच शिंगं, कडेला झुबके नाहीत.* हा युनिसिड गटातला. याला जबडे असतात. लहान असेपर्यंत बहुतेक निरुपद्रवी. याच गटातला बॉबिट वर्म मात्र वाळूत दडून मासे ओढून नेतो. जपानमध्ये शिराहामा इथल्या बंदरात २००९ साली सापडलेला एक बॉबिट २९९ सेंटिमीटर भरला होता. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये प्रवाळांचे लचके कोण तोडतंय हे कळेना, म्हणून टँक उपसला तर आत चार फुटांचा किडा निघाला. तो खडकासोबत अगदी लहान असताना आला असणार. मासे एकेक करून नाहीसे होत असतील, प्रेतही सापडत नसेल, तर हा संशय घ्या. आधी मात्र टँकच्या मागची फरशी बघा, कारण उडी मारून मेलेले मासे तिथे सापडतात.

*नारिंगी, गुळगुळीत, दोऱ्यासारखा, शंखांवर चिकट बुळबुळीत थर.* हा शंखांचा शत्रू. शंख एकेक करून रिकामे होत असतील तर रात्री याला शोधा.

*दोन ते पाच मिलिमीटरचे, विटकरी, चपटे, मागच्या टोकाला तीन शेपट्या.* हे चपटे किडे, म्हणजे रेड फ्लॅटवर्म. दिवसा उजेडात खडकावर, काचेवर गंजाचे डाग पडल्यासारखे दिसतात. यांच्या अंगात शेवाळ असतं आणि उजेडावर ते वाढतं, म्हणून हे रात्री न दिसता दिवसा दिसतात. यांच्यासाठी सहावी पायरी आहे.

*काचेवर, पंपावर पांढरे, खोबऱ्याच्या किसाएवढे गोल वेटोळे.* स्पायरॉर्बिड. काहीच करायचं नाही.

*वाळूवर शेवयांसारखे पांढरट धागे पसरलेले, हात लावला की आत ओढले जातात.* स्पॅगेटी वर्म. हा वाळू साफ करतो. ठेवा. नळीतून पंख्यासारखा तुरा काढणारा फेदर डस्टरही ठेवा, तो दिसायलाही सुंदर असतो.

*खडकावर चिकटलेली कडक नळी, तिच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा.* हा किडा नव्हेच, व्हर्मेटिड नावाची गोगलगाय आहे. खडक बाहेर काढून नळीच्या तोंडावर घट्ट जेलवाल्या सुपरग्लूचा थेंब ठेवायचा. काम तेवढंच.

मासा खडकाला अंग घासतोय, डोळे पांढुरके झालेत, कल्ले जोरात हलतायत, तर किडा माशाच्या अंगावर असण्याची शक्यता आहे. तो वेगळा आजार आहे. मासा वेगळ्या टबात घेऊन उपचार करायचे असतात, या लेखातले उपाय त्याला लागू नाहीत.

३. ओळख पटेपर्यंत हात आवरा

या टप्प्यावर माणूस घाबरून काहीतरी करतोच, म्हणून चार गोष्टी ठासून सांगतो.

खडक उकळत्या पाण्यात टाकू नका. घरातलं कुणीतरी हे नक्की सुचवेल, कारण आपल्याकडे सगळ्या किड्यांवर उकळतं पाणी हाच उपाय. झोअँथिड आणि त्यांच्याच नात्यातल्या पॅलिथोआच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. असा खडक उकळल्यावर वाफेतून ते श्वासात जाऊन परदेशात अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झालेली आहेत. पाळीव कुत्र्या-मांजरांनाही त्याचा त्रास होतो. गरम पाणी नाही, वाफ नाही, आणि असा खडक ब्रशने घासायचा तर डोळ्यांवर चष्मा हवा.

शेळ्या-मेंढ्यांचं जंताचं औषध टँकमध्ये घालू नका. आपल्या भागात ते कुठल्याही पशुऔषधांच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं आणि किड्यांवर चालतंही. अडचण तीच आहे. खडकाच्या आतले शेकडो किडे एका रात्रीत मरतात, आतल्या आत सडतात, अमोनिया चढतो आणि दोन दिवसांत मासे जातात. शंखही जातात. माझ्या ओळखीतल्या सहा टँकांपैकी एक असाच रिकामा झाला.

कॉपरवालं औषध मुख्य टँकमध्ये कधीच नाही. ते खडकात मुरतं आणि मग शंख, झिंगे, झोअँथिड यांना तो टँक राहण्यालायक उरत नाही.

आणि ब्रिसल वर्म चिमट्याने ओढून तोडू नका. तुटलेल्या तुकड्यांपासून नवे किडे तयार होऊ शकतात. निघाला तर पूर्ण काढा, नाहीतर सोडा.

केस बोटात घुसलेच तर चोळू नका. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा, तीन-चार वेळा. नंतर व्हिनेगरच्या बोळ्याने बरं वाटतं. सूज चढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव शेजारी आहे, सरळ जा.

४. खाणं कमी करा

कंटाळवाणी पायरी, पण सगळा गुण हिचाच.

माझ्या टँकमध्ये एका हिवाळ्यात ब्रिसल वर्म इतके झाले की दिवे लागल्यावरही खडकाखालून टोकं बाहेर दिसायची. मी रोज मोजून, एकदाच खाणं घालत होतो. नायट्रेट तरीही ४०–५० पीपीएम. दोन आठवडे मी फिल्टर, स्किमर (फेस करून घाण वेगळी काढणारं यंत्र), पाणी सगळं तपासत बसलो. शेवटी कळलं की दुपारी मी दुकानात असताना आमचे अण्णा टँकजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि मासे काचेपाशी आले की त्यांना भुकेलेले वाटायचे. मग चिमूटभर खाणं. थोड्या वेळाने पुन्हा चिमूटभर. एकदा भडंगातले चुरमुरेही पडले होते. अण्णांना रागावणं मला जमलं नाही. मी औषधांच्या गोळ्यांच्या डबीसारखी सात खणांची डबी आणली, रोजचं खाणं मोजून खणात भरलं आणि ते काम त्यांच्याकडेच दिलं. पाच आठवड्यांत दिवसा टोकं दिसणं बंद झालं. सापळा तेव्हा मला माहीतही नव्हता.

तुम्हीही हेच करा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच. फ्रोझन खाणं असेल तर वितळवून गाळणीत आरओच्या पाण्याने धुऊन घाला, त्यातलं पाणी टँकमध्ये ओतू नका. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदला. पाणी बदलताना नळीने खडकाच्या मागचा, कोपऱ्यातला गाळ ओढून घ्या. किड्यांचं कोठार तिथेच असतं. फक्त मासे असतील तर नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणायचं उद्दिष्ट ठेवा.

स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल एक सूचना. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा नॉब असतो. टँकसाठी पाणी भरताना तो बंद करून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं तेव्हा पहिला फिल्टर लवकर भरतो, तो वेळेत बदला.

संख्या एकदम वाढण्याचं दुसरं कारण म्हणजे काहीतरी मरणं. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज दोन दिवस नव्हती. बॅटरीच्या एअर पंपावर मासे वाचले, शंख आणि बरेच फेदर डस्टर गेले. पुढच्या महिन्यात ब्रिसल वर्म दुप्पट-तिप्पट झाले. मी फक्त मेलेले शंख उचलले आणि पाणी बदलत राहिलो. दिवाळीपर्यंत संख्या आपोआप पूर्वीवर आली. खायला होतं तोवर वाढले, संपल्यावर घटले.

५. सापळा लावा

खाणं आटोक्यात आणल्यावरही रात्री फार दिसत असतील तरच. सगळा टँक बघून दहा-पंधरा दिसले तर मी काही करत नाही.

पीव्हीसीचा चार इंचांचा तुकडा घ्या, दोन्ही बाजूंना टोप्या बसवा आणि प्रत्येक टोपीला सहा मिलिमीटरचं एक भोक पाडा. चिकटवू नका, टोपी उघडता यायला हवी. आत बोटाच्या पेराएवढा ताज्या कोळंबीचा तुकडा. मासळी बाजारातून आणलेली साधी कोळंबी चालते. मीठ लावलेले सोडे किंवा सुकट नको, आणि हळद-मीठ लावलेलं तर नकोच. दिवे गेल्यावर पाइप खडकाच्या पायथ्याशी वाळूवर आडवा ठेवा. दोन तासांनी चिमट्याने सरळ बादलीत. सकाळपर्यंत ठेवलात तर ते खाऊन निघून गेलेले असतात.

स्टॉकिंगचा मार्ग आणखी सोपा. साध्या पाण्याने धुतलेल्या तुकड्यात कोळंबी गुंडाळून गाठ मारायची. किड्याचे केस नायलॉनमध्ये अडकतात. फक्त यात तुमचा शंखही अडकू शकतो, म्हणून तासाभराने बघायला उठा.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्याचे आकडे असे आहेत: १९, २३, ११, १४, ६. दुसऱ्या रात्री वाढलेला आकडा बघून निराश व्हायचं कारण नाही. तिसऱ्या आठवड्यात तीन-चारवर आल्यावर मी थांबलो. एकही उरू नये असा हट्ट धरू नका, काही राहायला हवेत.

मोठा युनिसिड सापळ्यात येत नाही. तो ज्या भोकात राहतो तो खडक ओळखा, बाहेर काढा, बादलीत नेहमीपेक्षा खारं, १.०३५ ते १.०४० चं पाणी करा आणि खडक एक-दोन मिनिटं बुडवून वर धरा. बरेचदा किडा स्वतःच बाहेर पडतो. नाही पडला तर तो खडक परत टँकमध्ये जाऊ देऊ नका.

६. चपटे किडे: औषधाची पाळी आलीच तर

आता माझे दोन क्लाउनफिश कसे गेले ते सांगतो. खडक गंजल्यासारखा विटकरी झाला होता. मी फ्लॅटवर्मची बाटली आणली, टँकच्या बाहेरच्या मापाने डोस काढला आणि संध्याकाळी ओतला. वीस मिनिटांत हजारो किडे सुटून पाण्यात तरंगायला लागले, वेव्हमेकरमध्ये (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपात) चिरडले जाऊ लागले. मला वाटलं, काम झालं. हे किडे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात, हे मला माहीत नव्हतं. घरात तयार खारं पाणी एक बादलीही नव्हतं. रात्री नऊला मीठ विरघळवायला घेतलं. दहापर्यंत दोन्ही मासे तळाशी होते. ते माझ्या मुलीने नावं ठेवलेले मासे होते आणि तिला सकाळी काय सांगायचं या विचारात ती रात्र गेली.

औषध वाईट नव्हतं. क्रम चुकला होता. बरोबर क्रम असा:

पहिले सात-आठ दिवस रोज सकाळी, दिवे लागल्यावर तासाभराने, एअरलाइन नळीने किडे ओढून काढा. नळीचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये, सॉक बादलीत, आणि गाळलेलं पाणी परत टँकमध्ये. बरेचदा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. आता दरवेळी मी इथेच थांबतो.

तरी औषध घालायचं ठरलं तर आदल्या दिवशी टँकच्या निम्मं खारं पाणी तयार करून ठेवा. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं, पण वजनावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. पाणी रात्रभर पंपाने ढवळत ठेवा, तापमान टँकइतकं आणा.

डोस खऱ्या पाण्यावर काढा. माझा टँक बाहेरून मोजला तर १९० लिटर भरतो, खडक-वाळू वजा करून पाणी १५०च्या आसपास. त्या दिवशी मी १९०च्या हिशेबाने घातलं होतं.

आधी कपात चाचणी घ्या. कपभर टँकचं पाणी, त्यात दहा-बारा किडे आणि औषधाचा अंश. त्यांना काय होतं, किती वेळात होतं, ते बघा.

सुट्टीच्या दिवशी, सकाळी घाला, म्हणजे दिवसभर समोर बसता येईल. किडे सुटू लागले की लगेच नळीने ओढा. मासे धापा टाकू लागले तर वाट न बघता पाणी बदला. तसं काही झालं नाही तरी तासाभरात नवा कार्बन लावा आणि किमान पाव टँक पाणी बदला. एअर पंप चालूच. औषधातून वाचलेले किडे पुन्हा दिसतात, म्हणून आठवड्याने परत एकदा, याच तयारीनिशी.

ज्या दिवशी वीज जाण्याची सूचना आलेली असेल त्या दिवशी हे काम हातात घेऊ नका.

७. किडे खाणारे मासे आणावेत का?

सिक्स-लाइन रॅस लहान ब्रिसल वर्म आणि चपटे किडे टिपतो. माझ्याकडे आहे. आठ सेंटिमीटरचा जीव, पण नंतर आलेल्या प्रत्येक माशाला छळतो, म्हणून तो शेवटी टँकमध्ये सोडायचा. रॅस उड्या मारतात, वर जाळी हवीच. कोरल बँडेड श्रिम्पही किडे खातो, झोपलेला लहान मासाही पकडू शकतो. वेल्व्हेट न्यूडिब्रँक नावाची निळी समुद्री गोगलगाय फक्त चपटे किडेच खाते. किडे संपले की ती उपाशी मरते, त्याआधी वेव्हमेकरमध्ये सापडली नाही तर. तिला आणू नका असंच मी सांगेन. कुठलाही प्राणी नोकर म्हणून आणायचा नाही. तो तुमच्या टँकमध्ये पुढची पाच वर्षं सुखाने राहणार असेल तरच आणा.

८. नवा खडक आणताना

किडे येतात ते खडकातून, वाळूतून आणि शेवाळाच्या गुच्छातून. म्हणून नवख्याने ड्राय रॉक (वाळलेला, जीव नसलेला खडक) किंवा सिरॅमिकच्या खडकावरच टँक सुरू करावा. वाळू कोरडी घ्यावी. तयार व्हायला दोन महिने जास्त लागतात, पण पुढची डोकेदुखी वाचते.

तारकर्लीच्या सहलीवरून पिशवीत खडक आणायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. ते उचलणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातच येतो. समुद्री घोडे आणि समुद्री काकडी यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानातून जिवंत काही घेतलंत तर कुठून आलं ते विचारा, बिल घ्या आणि जपून ठेवा. बिल द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून काही घेऊ नका. समुद्रातले जीव जवळून बघायची ओढ असेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय बघून या. मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे.

जुना, वापरलेला खडक मिळालाच तर तो थेट टँकमध्ये नको. बादलीत खारं पाणी, हीटर, एअरस्टोन, उजेड नको, आणि चार ते सहा आठवडे थांबायचं. दर आठवड्याला रात्री कोळंबीचा सापळा लावून काय निघतं ते वहीत लिहा. माझ्या अशाच एका बादलीतून तिसऱ्या आठवड्यात एक युनिसिड निघाला, वीतभर. बादलीतच सापडल्यामुळे टँक वाचला.

झोअँथिडचा तुकडा आणला तर तोही बादलीत, कोरल डिप (प्रवाळावरचे किडे सोडवणारं औषध) घातलेल्या पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरता. डिपमध्ये प्रौढ किडे सुटतात, अंडी सुटत नाहीत. म्हणून ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) तुकडा चिकटवलेला असतो तो प्लग काढून टाका, तुकडा नव्या प्लगवर लावा. हातमोजे आणि चष्मा इथेही.

९. पकडलेले किडे आणि उरलेलं पाणी

किडे एका डबीत साध्या नळाच्या पाण्यात टाका, गोड्या पाण्यात ते लवकर मरतात. मग कागदात गुंडाळून कचऱ्यात. नदीत, विहिरीत, ओढ्यात काहीही सोडायचं नाही, मेलेलं असलं तरी.

बदललेलं खारं पाणी झाडांना घालू नका. मीठ जमिनीत साठलं की काय होतं हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको, क्षारपड झालेली रानं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. माझ्या आईची परसातली कढीपत्त्याची दोन झाडं मी अशाच पाण्याने घालवली. आता पाणी बदलायच्या दिवशी बादली थेट न्हाणीघराच्या मोरीत ओततो आणि वरून दोन तांबे साधं पाणी घालतो.